शेवटच्या कडव्यातलं नाव

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला मी नांदेडच्या मिरवणुकीत, भर उन्हात, एका डीजेच्या ट्रकमागे चालत होतो. गुडघे दुखणाऱ्या निवृत्त इंग्रजी मास्तरानं हे करू नये, हे मला कळत होतं. निघताना बायकोनं डोक्यावर टोपी ठेवली, हातात पाण्याची बाटली दिली आणि वर सुनावलं, की रस्त्यात आडवे झालात तर कुणाला फोन लावायचा तेवढं सांगून जा. पण मला एक गाणं मोबाइलमध्ये भरून घ्यायचंच होतं. तिकडे हॉलंडमध्ये एक माणूस अंथरुणाला खिळून त्या गाण्याची वाट बघत होता. त्याची फुप्फुसं गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या गाण्याची चाल त्यानं केलेली आणि शेवटच्या कडव्यात त्याचं नाव. ते कडवं आता लोक कसं म्हणतात, ते त्याला एकदा ऐकायचं होतं. एवढंच मागितलं होतं बिचाऱ्यानं.

गाणं लागलं. ‘भिंत पडली, दार राहिलं, दारात उभी माय.’ पोरंपोरी हात वर करून नाचायला लागली. मी मोबाइल उंच धरला आणि ट्रकच्या कडेकडेनं चालत राहिलो. तोंड, म्हणजे ध्रुवपद, झालं, परत तोंड झालं, पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि मध्येच धाडधाड सुरू होऊन दुसरंच गाणं लागलं. मला वाटलं, परत येईल. वजिराबादच्या चौकापर्यंत तसाच चालत गेलो. गाणं परत आलं, पण परत तेवढंच. शेवटी डीजेवाल्याला हात केला आणि ओरडून विचारलं, की पुढची कडवी कुठं गेली? तो खाली वाकला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, की काका, आख्खं गाणं आता कोण वाजवतंय, पोरं नाचायची थांबतेत. वर मला थंड पाण्याचा पाऊच दिला. मला राग लवकर येतो, शाळेत पोरं मला मागून ‘फटाका’ म्हणायची. पण पाणी देणाऱ्या माणसावर काय ओरडणार? पाऊच पिऊन घरी आलो.

जयंतीला गावोगाव गाणाऱ्या आमच्या गायन पार्ट्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. ज्यानं गाणं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. छापलेलं कुठे काही नसतं, रेडिओवर कोणी सांगत नाही. गाणं ज्या गावात गायलं त्या गावात कवीचं नाव पोचतं, ते त्या कडव्यातून. म्हणून जुने गाणारे कितीही दमले तरी शेवटचं कडवं सोडायचे नाहीत. मधलं एखादं गाळतील, पण नावाचं नाही. ते गाळलं की माणूस गाळला.

आता हा माणूस कोण? त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढं कळेल.

किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरकडे देशोदेशीची माणसं आली. मी तेव्हा लातुरात एका शाळेत नुकताच लागलो होतो. इंग्रजी येतं म्हणून मला सुटीच्या दिवशी औसा तालुक्यातल्या एका गावात दुभाषा म्हणून नेलं. तिथे एक डच तुकडी घरं बांधून देत होती, आणि त्यात हा होता. चाळिशीचा, उंच, पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना वाकायचा आणि तरी रोज एकदा डोकं आपटून घ्यायचा. काम सुताराचं, दाराच्या चौकटी करायचा. संध्याकाळी सगळे थकून पडले की शेडबाहेर खाटेवर बसून गिटार वाजवायचा. मी आधी त्याला हौशी समजलो. मग तुकडीतल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा साधा माणूस नाही, आमच्याकडे लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना याचं एक गाणं पाठ आहे.

मी त्याला त्याचं आयुष्य विचारलं, पण ते त्यानं कधी एका बैठकीत सांगितलं नाही. खिळा ठोकता ठोकता थोडं, चहा पिताना थोडं. त्याचं गाव समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली होतं. बांध घालून समुद्र अडवलेला आणि आत झिरपणारं पाणी रात्रंदिवस पंपानं बाहेर काढायचं. त्याचा बाप त्या पंपावर कामाला. पंप बंद पडला तर गावाच्या शेतात पाणी, म्हणून बाप कधी परगावी मुक्कामाला गेला नाही. पोरानं गिटार धरली, गावातल्या तीन मित्रांबरोबर बँड काढला, मोठ्या आवाजाचं, रॉक म्हणतात ते संगीत. गाणी हा करायचा, गायचा दुसरा. मग शहरातला एक मॅनेजर आला. त्यानं बँडला नवं नाव दिलं, चौघांनाही आखूड आखूड नवी नावं दिली आणि त्यांची तबकडी काढली. त्यातलं याचं एक गाणं असं चाललं, की देशाबाहेरच्या रेडिओंवरसुद्धा वाजलं.

बापानं दुकानातून ती तबकडी आणली. चष्मा लावला, पुढून बघितलं, मागून बघितलं. आपलं आडनाव कुठेच नव्हतं. गाण्याखाली बँडचं नाव होतं, फोटोखाली ते आखूड नाव. तबकडी कपाटावर ठेवली आणि पंपावर निघून गेला. पुढे बाप वारला, बँडमध्ये दारू शिरली, गाणारा वेगळा झाला. यानं एकट्यानं गाणी काढून बघितली, ती कुणी ऐकली नाहीत. मग सुतारकी शिकला. टीव्हीवर आमचा भूकंप दिसला, तेव्हा करवत आणि गिटार घेऊन आला.

बापाची ही तबकडीची गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, एका चौकटीला रंधा मारताना. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि विषय सोडून दिला. मला काय ठाऊक, की याच गोष्टीपाशी आपल्याला परत यायचं आहे.

माझी थोरली बहीण उदगीरला दिलेली. तिचा नवरा मोंढ्यात हमाल होता. आक्काची गायन पार्टी उदगीर, अहमदपूर, देगलूर, बिलोली, सगळीकडे नावाजलेली. आक्का गायची, मी पेटी धरायचो, ढोलकीवर चाचा. चाचा म्हणजे उदगीरचे पिंजारी, दिवसा गाद्या भरायचे आणि संध्याकाळी ढोलकी. एकदा मी या गोऱ्याला आक्काचं गाणं ऐकायला नेलं. तो पहिल्या गाण्याला मागे बसला होता, दुसऱ्याला पुढे आला, तिसऱ्याला गिटार घेऊन थेट आमच्यात येऊन बसला. आक्कानं माझ्याकडे बघून विचारलं, की ह्याला कुणी बोलावलं? मी म्हटलं, कुणी नाही. मग बसू दे, म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा गिटार सुरात लावायला घेतली तेव्हा लोक वैतागले. आमच्यात कोण इतका वेळ घेतं? गाणं सुरू करायचं आणि वाटेत सूर सापडतो. हा मात्र खुंट्या पिळतोय, कान लावतोय, परत पिळतोय. माझी पेटी जुनी, तिचे सूर जगाच्या सुरांशी जुळत नव्हते. मी शरमलो, तर मला म्हणाला, की इथे पेटी बरोबर आहे, चूक गिटारची आहे. आणि आख्खी गिटार माझ्या बिघडलेल्या पेटीला लावली. लोक शिट्ट्या मारत होते. आक्का आधी तडकली, पण गाणं सुरू झालं तशी तिनं मान वळवून एकदा त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आक्कालाही तीच सवय लागली. कच्चं गाणं लोकांपुढं ठेवायचं न्हाई, हे तिचं वाक्य त्याच्याकडून आलेलं आहे.

ते गाणं कसं झालं तेही सांगतो. त्या गावात एक म्हातारी होती. तिच्या घराच्या दगडी भिंती पडल्या, माणसं गेली, आणि लाकडी चौकट तेवढी उभी राहिली. म्हातारी त्या चौकटीत बसून राहायची. नव्या घराला लोखंडी दार ठरलेलं. म्हातारी म्हणाली, माझं दार न्हाई तर मला घर नको. यानं कोणाला न विचारता ती चौकट उपटून आणली, घासली आणि नव्या घराला बसवली. वरचे लोक येऊन बडबडले. मी त्यांचं बोलणं त्याला इंग्रजीत सांगितलं आणि जितकं गाळता येईल तितकं गाळलं. आक्कानं ही गोष्ट माझ्याकडून ऐकली आणि दोन दिवसांत शब्द केले. चाल त्यानं लावली. चाल अशी, की ऐकताना वाटावं आमचीच आहे, आणि तरी कुठेतरी मध्ये समुद्राचं पाणी आत यावं तशी एक लांब ओढ.

शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं, हा प्रश्न आला. शब्द आक्काचे, म्हणजे रीतीनं नाव आक्काचंच. पण आक्का म्हणाली, आपल्याला बाबा सगळी ओळखतेत, हा परमुलखातून आला, ह्याचं नाव घालू. मी त्याला नाव विचारलं, तर त्यानं सवयीनं ते आखूड नाव सांगितलं. परदेशात सगळ्यांना ते सांगायचा, उच्चारायला सोपं म्हणून. दोन अक्षरांचं ते नाव चालीत असं चपखल बसलं, की चाचांनी मांडीवर थाप मारली.

लातुरात पहिल्यांदा गाणं झालं. शेवटचं कडवं आलं, आक्कानं त्याचं नाव घेतलं आणि याचा हात थांबला. एक ठेका गिटार गप्प. मग परत सुरू झाली. डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं. गाणं संपल्यावर बायकांनी दृष्ट काढत त्याच्यावरून बोटं मोडली. आम्हाला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. परक्या माणसाला आपण केवढा मान दिला, असं आम्ही पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिलो.

घरं बांधून झाली, तुकडी गेली, पण हा दरवर्षी जयंतीला यायचा. महिनाभर आक्काकडे उदगीरला राहायचा. ज्वारीची भाकरी थापायला शिकला, मराठी शिकला, तीही आमची. लातूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि अहमदपूरला भर कार्यक्रमात मधल्या जागी ती अशी काही किंचाळवली, की पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, मास्तर, पेटीत उंदीर शिरला का काय? पण पोरांनी ते वाजवणं तीनदा परत मागितलं. तो घामाघूम होऊन हसत होता. मोठ्या स्टेडियममध्ये वाजवलेला माणूस अहमदपूरच्या मोंढ्यात इतका खूश का होतो, मला तेव्हा कळायचं नाही.

मग त्याचं येणं थांबलं. आधी कंबर, मग श्वास. आक्काच्या पार्टीचंही तसंच झालं. डीजे आले, गायन पार्ट्यांना कोण बोलावतंय? आक्काचा नवरा वारला, मी निवृत्त होऊन नांदेडला लेकाकडे आलो. चाचांचे हात कापायला लागले. बोलणं राहिलं ते फोनवर.

तर, मिरवणुकीतून घरी आलो आणि दुपारी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ. फोन त्याच्या मुलीनं धरला होता. नाकात नळी, गाल आत गेलेले. ओळखू येत होते ते डोळेच. मी खरं ते सांगितलं, की शेवटचं कडवं वाजवतच नाहीत आता. वाटलं, कोसळेल. तो हसला. हसता हसता खोकला आला, मुलीनं पाणी पाजलं. मग मराठीत म्हणाला,

“जाऊ द्या सर. ते नाव माझं न्हाईच.”

मला आधी वाटलं, औषधानं बडबडतोय. तो थांबत थांबत सांगायला लागला. ते नाव मॅनेजरनं दिलेलं. ज्या नावामुळे बापाला तबकडीवर आपलं आडनाव सापडलं नाही, तेच नाव आम्ही इतक्या प्रेमानं, लातूरच्या एवढ्या लोकांपुढं, गाण्यात घातलं होतं. म्हणून त्या दिवशी हात थांबला होता. आमच्यात सगळे स्वतःच्या नावापुढे बापाचं नाव लावतात, हे त्यानं इथल्या शाळेच्या हजेरीत, लग्नपत्रिकांत बघितलेलं. त्याला ते फार आवडायचं. त्याला शेवटच्या कडव्यात बापाचं नाव पाहिजे होतं.

मी भडकलोच. अरे मग बोलला का नाहीस एवढी वर्षं, असं मी मरणाऱ्या माणसावर ओरडलो. तो म्हणाला,

“चाल मीच केलती. तिच्यात जागा नव्हती.”

आणि मग विचारलं, की आक्का म्हणेल का एकदा, बापाच्या नावानं? मला ऐकू द्या, बस. मुलीला आमचं बोलणं कळत नव्हतं, ती नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मुखेडमार्गे जाणाऱ्या एसटीत बसलो आणि उदगीर गाठलं. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. शेंगा तशाच ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, आपून काय केलं रे हे. मग मला नाव म्हणायला लावलं. त्याचं खरं नाव, बापाचं नाव, आडनाव. मी कागदावर न लिहिता तोंडानं म्हणत गेलो, ती मागून म्हणत गेली. परकी, जड, घशातून निघणारी अक्षरं. आक्कानं डोळे मिटून ती चालीत घालून बघितली. नाही बसली.

मी म्हटलं, नाही बसत तर नुसतं बोल, मी भरून घेतो आणि आत्ताच्या आत्ता पाठवतो. आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी शिवी दिली होती. चाचांना बोलावणं गेलं. चाचा नातीच्या खांद्यावर हात ठेवून आले, ढोलकी मांडीवर घेतली. पहिला दिवस गेला. नाव घ्यायला गेलं की ठेका पुढे निघून जायचा, ठेका धरला की आडनाव तुटायचं. दुसरा दिवस गेला. आक्काचा आवाज मध्येच फाटत होता, वय झालेलं, कितीतरी दिवस गायलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला, की बाबा झोपूनच असतात, अधूनमधून जागे होतात आणि फोन आला का विचारतात.

मी आक्काला तो वाचून दाखवला आणि माझा तोल गेला. म्हटलं, सुरात नसलं तरी चालतंय, आक्का. माणूस चाललाय तिकडं.

आक्का शांतपणे म्हणाली, “त्याला बेसूर ऐकवू? त्याला?”

ज्या माणसानं खुंट्या पिळत आख्खं गाव ताटकळत ठेवलं होतं, त्याचाच हा धडा. त्यानंच शिकवलेलं आता त्याच्या आड येत होतं, आणि तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्या वेळी मी चिडून बाहेर गेलो, किल्ल्याकडच्या रस्त्यावर एका टपरीवर बसून चहावर चहा पीत राहिलो. आक्का आतमध्ये ते परकं नाव घोळवत होती, ते मला तिथून ऐकू येत नव्हतं तरी येतंय असं वाटत होतं.

मार्ग काढला चाचांनी. चौथ्या दिवशी दुपारी कापऱ्या हातानं ढोलकी थांबवून म्हणाले,

“आक्का, तुम नाम पूरा लेव. मैं रुकता. तुम्हारा होया की मैं समपे आके मिलता.”

म्हणजे नावापुरता ठेकाच नाही. गाणारी बाई एकटी, नाव संपेल तेव्हा ढोलकी येईल. एवढं सोपं होतं. ज्या जागेवर त्या दिवशी त्याची गिटार गप्प झाली होती, त्याच जागेवर आता ढोलकी गप्प राहणार होती. आक्कानं म्हणून बघितलं. त्याचं नाव आलं, बापाचं नाव आलं, आडनाव आलं, आक्कानं त्या लांब ओढीत ते आडनाव असं नेलं, की ते चालीतच जन्मलेलं वाटावं, आणि चाचांची थाप पडली. मी पेटीवर डोकं ठेवून रडलो. म्हातारपणी लाजायचं काय.

आक्का म्हणाली, आता एकदा सबंध म्हणते, भरून घे. मी मोबाइल उघडला. मुलीचा मेसेज येऊन पडला होता. सकाळीच गेला होता तो. झोपेतच.

मी कसं सांगावं म्हणून मोबाइल हातात धरून उभा राहिलो. सांगावं लागलं नाही. आक्कानं माझं तोंड बघितलं आणि पेटीच्या कडेला हात टेकून खाली बसली. चाचांनी ढोलकीच्या वाद्या सैल करायला घेतल्या. आक्का म्हणाली, मी चार दिस काढले रे, पहिल्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं, वाईट तर वाईट. मला वाटलं होतं असं काही ती बोलली की मी म्हणेन, सांगत नव्हतो का. उलट मीच म्हटलं, की वाईट म्हटलं असतंस तर त्यानंच तिकडून थांबवलं असतं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नाही, ते दिसत होतं.

मग चाचांनी वाद्या परत ताणल्या. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, बापाचं नाव आहे ना, बाप थोडाच आज मेला. आक्का उठली, तोंड धुतलं, पाणी प्यायली आणि बसली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकही कडवं न गाळता गाणं झालं. आवाज दोनदा फाटला, पण नावाला फाटला नाही. मी ते मुलीला पाठवलं आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, की हे तुझ्या बाबांचं गाणं आहे, उशीर झाला, माफ कर.

तिचं उत्तर आलं ते मी नांदेडला परत आल्यावर. अंत्यविधी गावातल्या बांधाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. जुना बँड आला होता, गाणारासुद्धा, पांढऱ्या केसांचा. सगळे त्याला त्या आखूड नावानंच आठवत होते. त्याचं गाजलेलं गाणं वाजवलं, लोक बरोबर गुणगुणले. मग मुलीनं आमचं गाणं लावलं. लोकांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुणी हललं नाही. आणि शेवटी एकाएकी ढोलकी थांबली, आणि एका बाईनं मुलीच्या बापाचं खरं नाव घेतलं, मग आजोबांचं, मग आडनाव. मुलीनं लिहिलं होतं, की एवढ्या लोकांसमोर ही नावं एकत्र आम्ही कधीच ऐकली नव्हती. सबंध गाण्यात आम्हाला कळले ते तेवढेच शब्द.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा ती नावं कागदावर उतरवणार होतो. हात धजला नाही. ती गाण्यात आहेत, तिथेच राहू देत. छापलेल्या नावानं त्या घराला एकदा दगा दिलेला आहे.

मुलीचं उत्तर मी फोनवर आक्काला मराठी करून वाचून दाखवलं. सगळं वाचलं, काही गाळलं नाही. मला वाटलं, रडत असेल. मग आक्का म्हणाली,

“सुरात होतं का, तेवढं इचार तिला.”

मी विचारलं नाही. होतं म्हणून सांगितलं.